खाडा कुणाला लावता?



ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण सारे शेतकी ऑफिसात हेलपाटे घालतो. टोळी का आली नाही, म्हणून आमच्याशी भांडताही. भांडा, तो आपला हक्कच आहे. पण फडात एखादी बाई पाचटावर आडवी पडलेली दिसली की "कामचुकार आहे" असे बोलून मोकळे होतात, त्याबद्दल आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत.

आपल्याकडच्या बऱ्याच टोळ्या सातपुड्यातल्या, धडगाव-अक्कलकुवा-तळोदा भागातल्या पाड्यांवरून येतात. त्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग हातपाय, कंबर, छाती यांत अशा कळा येतात की धडधाकट गडीही लोळेल. पेशी लवकर मरतात म्हणून रक्तही कमीच राहते. बाईला पाळीचे दिवस आणि बाळंतपण आहेच, त्यामुळे तिची ओढ दुप्पट. कित्येकींना पाळीच्या सुमारासच कळा उठतात.

आता कळा कशाने उठतात ते बघा : थंडी, पाण्याची कमतरता, अतिश्रम, ताप. आणि आपली तोडणी कशी चालते? पहाटेच्या गारठ्यात, ओल्या सरीत पाय, दुपारी ऊन, पाणी बांधावर असले तर असले, आणि रात्री गाडी आली की डोक्यावर मोळ्या. म्हणजे त्या आजाराला जे जे नको, ते सगळे आपल्या फडात हजर!

त्यातून ती एक दिवस पालात पडून राहिली की काही मुकादम खाडा लावतात. हिशेब साधा आहे. तोडणीची मजुरी टनावर मिळते. ज्या दिवशी मोळी बांधली नाही, त्या दिवसाची मजुरी आपसूकच बुडाली. वर खाडा म्हणजे एकाच दिवसाचा दोनदा दंड. मग बाई कळा दाबून फडात येते, आणि दोन दिवसांचे दुखणे पंधरा दिवसांवर जाते. "सूट दिली तर सगळेच आजारी पडतील" असे काही सभासद म्हणतात. टनावर पोट असलेला माणूस हौसेने पडून राहत नाही.

हा आजार कुणाच्या पापाने होत नाही, लागट तर नाहीच. उसाची कांडी लावली की तोच ऊस उगवतो; माणसाचे तसे नाही. निम्मे बेणे आईचे, निम्मे बापाचे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून सुनेला दोष देणे अडाणीपणाचे आहे. विदर्भात हा आजार आदिवासींखेरीज इतर समाजांतही आहे, तेव्हा "आपल्यात नसते" असे म्हणू नये. लग्नाआधी पत्रिका बघता, तसे दोघांचे रक्तही तपासा. आजारी मुलीचा नवरा वाहक नसेल तर मुले वाहक होतील, आजारी होणार नाहीत. तिचे लग्न होऊ नये असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम देशभर हाती घेतली आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, मग पक्की. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, डॉक्टर देतील तर हायड्रॉक्सियुरिया (मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना विचारूनच), भरपूर पाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, एवढे सांभाळले तर मुलगी शिकते, नोकरी करते, संसार करते. रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय देऊ नयेत. गरोदरपणात नाव पहिल्यापासून दवाखान्यात घालावे, बाळंतपण पालात नको.

आमचे म्हणणे असे. तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच कारखान्याने त्यात अट घालावी की ताप, कळा आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा लागणार नाही. कार्ड दाखव, असे कुणी म्हणू नये. कोणाला काय आजार आहे याची यादी गटऑफिसच्या फळ्यावर लागली तर ती पोर पुढच्या साली येणारच नाही. टोळ्या उतरल्या की पहिल्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची माणसे पालावर आणावीत. आणि ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदाने बांधावर पिण्याच्या पाण्याचे पिंप ठेवावे, त्याला कराराची वाट बघायला नको.

अटीचा ठराव वार्षिक सभेत मांडावा लागेल. आम्ही कर्मचारी, आम्हाला ठराव मांडता येत नाही. सूचक आणि अनुमोदक तुमच्यातूनच हवेत. नावे गटऑफिसात द्यावीत.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते