मिठातलं 'सायनाइड' आणि खरी काळजी

मिठात सायनाइड असल्याचा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. गेल्या आठवड्यात मला तो तीन ग्रुपवर आला, शिवाय "साहेब, हे खरं आहे का?" असे फोन वेगळेच. २०१९ मध्येही हीच आवई उठली होती आणि देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलासा करावा लागला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिठाच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'अँटी-केकिंग एजंट ५३६' असं छापलेलं असतं. हे पोटॅशियम फेरोसायनाइड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा गोळा होऊ नये, एवढंच त्याचं काम. नावात सायनाइड आहे, हे खरं. पण ते लोखंडाच्या अणूला इतकं घट्ट बांधलेलं असतं, की सुटायला गरम तीव्र आम्ल नाहीतर साधारण ४०० अंश तापमान लागतं. आपली आमटी १०० अंशाला उकळते. तळणीचं तेलही तिथवर जात नाही. पोटात गेलं तरी ते फारसं शोषलं जात नाही.

आता हिशेब करू. आपल्याकडे एक किलो मिठात हे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम चालतं. युरोपात २० चालतं. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं, तर पोटात जातं ०.१ मिलिग्रॅम. जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली सुरक्षित मर्यादा ६० किलोच्या माणसाला रोज १.५ मिलिग्रॅम. म्हणजे आपण तिच्या पंधराव्या भागावर आहोत.

मग मी एवढं का लिहितोय? कारण हा मेसेज वाचून लोक पाकिटातलं मीठ बंद करतात आणि खडा मीठ किंवा सैंधव रोजच्या जेवणात आणतात. उपवासाला सैंधव खा, कोण नको म्हणतंय? पण त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. ते कमी पडलं तर गळ्याला गलगंड होतोच, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढही खुंटते. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून प्रयोग झाला. आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या भागात गलगंड झपाट्याने कमी झाला. देशाचं आयोडीन धोरण त्याच पायावर उभं आहे.

खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. तरी आठवडी बाजारात गोणीतलं सुटं मीठ बिनधास्त विकलं जातं. माझा सवाल अन्न व औषध प्रशासनाला आहे: आपल्या तालुक्यात वर्षभरात मिठाचे किती नमुने घेतले आणि त्यात आयोडीन किती निघालं? हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागत नाहीत? आणि पाकिटावर '५३६' छापता, तर ते कशासाठी आहे हे मराठीत एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? माहिती दडली की अफवेला जागा मिळते.

मिठाची भीती बाळगायचीच असेल, तर प्रमाणाची बाळगा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आपण लोणचं, पापड, फरसाण धरून त्याच्या खूप पुढे जातो. रक्तदाब वाढतो तो त्यामुळे.

तेव्हा मीठ कमी खा, पण आयोडीनचं खा. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर पाकीट आजच तपासा. आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.