ट्रॉलीची खरेदी आणि जोडाचा विचार



धानाची मळणी आटोपली आणि हाती चार पैसे आले, म्हणजे आपल्या नागभीड तालुक्यात ट्रॉली घेण्याचा विचार घरोघरी सुरू होतो. घेणारा गृहस्थ पत्र्याची जाडी पाहतो, टायर पाहतो, पोती किती मावतील हे तीनतीनदा विचारतो. परंतु ट्रॅक्टर व ट्रॉली ज्या एका ठिकाणी एकमेकांस जोडली जातात, त्या हुकाकडे तो क्वचितच पाहतो. माझे मत असे की, प्रथम पाहण्याची वस्तू तीच होय.

हा विचार आपणांस अपरिचित नाही. बंडीत भार मागे गेला तर ती उलाळ होते, पुढे आला तर जू बैलांच्या मानेवर बसते, हे आपले वाडवडील जाणून होते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. तिच्या भाराचा काही अंश हुकावर पडतो. तो बेताचा असला तर ट्रॅक्टरच्या मागील चाकांस पकड मिळते. अधिक झाला तर पुढील चाके हलकी होऊन स्टेअरिंग ऐकेनासे होते. हुक मागील आसापासून जितका दूर, तितका हा दोष मोठा. म्हणून तो जवळ असावा हे खरे. पण हुक जवळ आणि ट्रॉलीची दांडी आखूड असा योग जुळला, तर वळणावर ट्रॉलीचा पुढचा कोपरा मोठ्या चाकावर आदळतो.

हाच पेच अमेरिकेतही पडला आहे. तेथे पिकअप गाडीच्या हौद्यात, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे, एक आडवी तबकडी बसवून तिजवर ट्रेलरचे तोंड टेकवितात. तिला 'पाचवे चाक' म्हणतात. हौदा साडेपाच-साडेसहा फुटांचा, म्हणजे आखूड असला, की वळताना ट्रेलरचा कोपरा चालकाच्या केबिनवर येतो. तबकडी कायमची मागे न्यावी, तर गाडीचे तोंड हलके होते. म्हणून त्यांनी सरकती तबकडी काढली. रस्त्याने जाताना ती पुढे खिळवावी व सावकाश वळण घेताना मागे सरकवावी. आपणांस त्या तबकडीची गरज नाही. परंतु भाराची जागा आणि वळणाची जागा, दोन्ही मोजूनच जोड ठरवावा, हा धडा मात्र घेण्यासारखा आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने एक जुनी दोनचाकी ट्रॉली स्वस्त मिळाली म्हणून आणली. दांडी आखूड होती. कोणी मोजली नाही. धानाची पोती भरून पांदणीच्या वळणावर येताच कोपरा टायरात घुसला, टायर फाटला, आणि ट्रॅक्टर बांधावर कलला. दैव बलवत्तर म्हणून पोरगा वाचला. खरेदीत वाचलेले पैसे एका टायरातच गेले.

कोणी म्हणेल, दांडी लांब केली की झाले. तसे नव्हे. दांडी जितकी लांब, तितकी ट्रॉलीची चाके वळणावर आतून कापतात. मी महसूल खात्यात कारकुनी केली. निस्तारपत्रके व गावनकाशे पुष्कळ हाताळले. आपल्या पांदणी बंडीच्या काळच्या आहेत, त्यांत फार लांब दांडी मावत नाही.

तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात. ट्रॉली घेण्यास जाताना ट्रॅक्टर सोबत न्यावा. रिकामी ट्रॉली जोडून दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावी, आणि कोपरा व चाक यांत निदान एक वीत अंतर राहते की नाही, ते पाहावे. बांधावर चढता-उतरताना हे अंतर आणखी कमी होते, हे विसरू नये. ओढ नेहमी खालच्या ओढदांड्यावरच द्यावी. मागील आसाच्या मध्यापेक्षा उंच जागी साखळी वा हुक अडकविल्यास ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. कडे व पिन झिजली असल्यास बदलावी, पिन निसटू नये म्हणून खाली खीळ असावी, आणि जोडीला साखळी असावी. ज्यास बांधीतूनच माल काढावयाचा आहे, त्यास दोनचाकी ट्रॉली बरी, कारण ती मागे घेण्यास सोपी. ज्यास डांबरी रस्त्याने लांब जावयाचे आहे, त्याने चारचाकीचा विचार करावा. ती आपला भार स्वतः वाहते, हुकावर टाकीत नाही. मात्र उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरास ढकलते, म्हणून ब्रेक असलेली मिळाल्यास तीच घ्यावी.

आपल्याच तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास शेतातील वेगळ्या लोंब्या निरखून वेचल्या, आणि त्यांतून एचएमटी धान निघाले. लोंबी इतकी निरखून पाहणाऱ्या तालुक्याने हुक न पाहता ट्रॉली घरी आणावी, हे आपणांस शोभत नाही. ट्रॅक्टरावाचून ट्रॉली ठरविणे म्हणजे बैल न पाहता जू करून घेणे होय.