खेळण्यांचा गोठा

पोळा जवळ आला की वऱ्हाडातील घरांना दोन बैलांची आठवण होते : एक गोठ्यातला आणि दुसरा माळ्यावरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेला चाकांचा लाकडी बैल त्या दिवशी खाली उतरतो, सजतो आणि नातवंडांच्या हातून गावभर मिरवतो. कित्येक घरांत तो आजोबांच्याच लहानपणचा असतो. म्हणून तो खाली काढण्याचा मानही तेच घेतात. स्टूल मांडून चढतात, दोन्ही हात बैलाला लावतात आणि आधाराला हात उरत नाही. सणाच्या तोंडावर अशा पडण्याने जायबंदी झालेली वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणूनच या वेळी गोळ्या-औषधांविषयी न लिहिता मुलांची मैदानी खेळणी घरात ठेवावीत कशी, याविषयी लिहितो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा सर्वाधिक असतो. वाढत्या वयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, पाऊल पुरेसे उचलले जात नाही, हाडे ठिसूळ होतात. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना मंदावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठताना घेरी येते. अशा पावलाखाली रात्री दोन वाजता रबरी चेंडू आला, तर तो चेंडू खेळणे राहत नाही.

मग खेळणी काढूनच टाकावीत काय? खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या एका सासूबाईंसाठी सुनेने बॅट, चेंडू, दोरी, सारे पोत्यात बांधले होते. आजी मला म्हणाल्या, “लेकराचं खेळनं घरात नसलं, तं घर कायचं, डॉक्टरसाहेब?” त्यांचे म्हणणे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीचे खेळ खेळावेत, असे शास्त्र सांगते. शिवाय ज्या रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांत लेकरासारखे खेळणे जागोजागी येते, तेथे खेळणी फेका असे सांगायला जीभ कशी वळावी? खेळणी घरात राहावीत; मात्र प्रत्येक बैलाला जसा गोठ्यात स्वतःचा खुंटा असतो, तशी त्यांनाही ठरलेली जागा हवी.

ही जागा निवडताना आधी वृद्धांची वाट पाहा. पलंगापासून न्हाणीघर व संडासापर्यंतची वाट, उंबरठा, जिना आणि ओसरीच्या पायऱ्या येथे एकही वस्तू नको. त्याखेरीज ओसरीचा कोपरा किंवा अंगणातील आडोशाची भिंत चालेल. उंचीचा नियम सोपा आहे : रोज लागणारी वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मध्ये असावी, म्हणजे आजी-आजोबांना ना वाकावे लागते, ना चढावे लागते. लहान मुलांची खेळणी मात्र त्यांच्या हाताला येतील इतकी खाली ठेवावीत. सायकल आणि लाकडी बैल यांसारख्या जड वस्तू जमिनीवरच, भिंतीला लावून, चाकांपुढे विटेचा तुकडा देऊन ठेवाव्यात. यंदा तान्हा पोळा झाला की बैल पुन्हा माळ्यावर चढवू नका. चेंडूंसाठी कांद्याची जाळीदार गोणी खुंटीला टांगावी. हवा खेळते आणि आतले दिसते. उडीची दोरीही खुंटीलाच. जमिनीवरची दोरी पायात अडकते.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, साचलेले पाणी. वाळूत खेळायची बादली, प्लॅस्टिकचा ट्रक, झोक्याचे टायर यांत साचलेल्या थोड्याशा पाण्यातही डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस अशा वस्तू रिकाम्या करून, घासून, पालथ्या ठेवाव्यात. घासणे महत्त्वाचे, कारण ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडेपणातही महिनोन्महिने तग धरतात. टायरला खालून भोके पाडावीत.

दुसरी गोष्ट विंचवाची. विटा, सरपण, जुनी पोती यांच्याजवळ खेळणी ठेवू नयेत. टोपलीत आंधळेपणाने हात न घालता ती आधी उपडी करावी. विंचू चावल्यावर घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे दिसले, विशेषतः लहान मुलात, तर झाडपाल्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यामुळे प्राझोसिन या औषधाचा उपयोग सर्वमान्य झाला आहे. पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

इतके करूनही कोणी पडलेच, तर हाताला धरून घाईने उठवू नका. जांघेत तीव्र वेदना, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसणे, त्यावर भार न पेलणे ही खुब्याचे हाड मोडल्याची लक्षणे असू शकतात. माणसाला आहे तसे ठेवून १०८ वर फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठीक दिसत असला तरी तपासणी करून घ्यावीच.

शेवटी, आवरायचे कोणी? आजीने नव्हे आणि सुनेनेही नव्हे. ज्याने खेळणे काढले त्यानेच. गुरे जशी दिवेलागणीला घरी परततात, तशी खेळणीही परतली पाहिजेत. आजोबांनी खुर्चीत बसून हाक द्यावी, “बॅट आली का रे? चेंडू किती? सायकल कुठे आहे?” नातवाने एकेक जागेवर ठेवून हजेरी द्यावी. पाच मिनिटांचे हे काम मुलाला शिस्त लावते आणि आजोबांना रोजचे एक मानाचे काम देते. शिवाय रात्री दोन वाजता उठणाऱ्या पावलांना वाट मोकळी मिळते.