संकरित माशांचें संगोपन
नातवाच्या हट्टाखातर आमच्या घरीं काचेची टाकी आली व तींत दोन ‘ब्लड पॅरट’ मासे आले. हा नारिंगी मासा निसर्गांत कोठेंहि आढळत नाहीं. भिन्न जातींच्या सिक्लिड माशांच्या संकरांतून तो सुमारें १९८६ सालीं तैवानांत निपजविण्यांत आला. त्याचें तोंड पुरतें मिटत नाहीं. भक्ष्य घशांतील दांतांनींच चिरडावें लागतें. म्हणून त्यास बुडणारे बारीक दाणे थोडथोडे घालावे. भांडखोर मासे सोबतीस ठेवूं नयेत. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस उबदार असावें. लपण्यास एखादें मडकें आडवें ठेवावें.

एकदां स्वच्छतेच्या अतिउत्साहांत मीं सारें पाणी एकदम बदललें व नळाचें क्लोरीनयुक्त पाणी तसेंच भरलें. सकाळीं एक मासा मेलेला आढळला. नातू कांहींच बोलला नाहीं. तें मौन मला फार बोंचलें. तेव्हांपासून आम्ही दर आठवड्यास चतुर्थांश पाणीच, क्लोरीननाशक औषध घालून, बदलतों.

ज्यास तोंडहि मिटतां येत नाहीं असा जीव मनुष्यानें स्वतःच्या कौतुकासाठीं घडविला. निदान त्याच्या संगोपनांत तरी त्यानें कसूर करूं नये.