घरगुती गवतकापणी रोबो : चालवण्याआधी थांबवायला शिका

पावसाळा निम्म्यावर आला की मेहकर तालुक्यात धुऱ्यावरचे गवत कमरेला लागते. सोयाबीनच्या निंदणीलाच वेळेवर मजूर मिळत नाहीत. मग धुरे, फळबागेतल्या ओळी, शाळेचे मैदान आणि घरामागची मोकळी जागा कोण साफ करणार? वाढलेल्या गवतात साप दिसत नाही. गाजर गवताने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. त्यामुळे गवत कापणे हा शेतीइतकाच आरोग्याचाही विषय आहे. अशा वेळी ‘रिमोटवर किंवा आपोआप चालणारे यंत्र घरीच करू’ हा विचार साहजिक आहे. चाकांना गाडीच्या वायपरची मोटर, जुनी इ-रिक्षाची बॅटरी, काही शे रुपयांचे कंट्रोलर बोर्ड आणि गावातला वेल्डर एवढ्यावर सांगाडा उभा राहतो.

शाळांमधूनही या दिशेला जोर मिळतो आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. विद्यार्थ्यांनी हाताने यंत्रे करावीत, हे चांगलेच आहे. मात्र रेषेवरून चालणारी खेळण्यातली गाडी आणि गवत कापणारी गाडी यांत एक मूलभूत फरक आहे. पहिली चुकली तर भिंतीला धडकते, दुसरी चुकली तर पाय कापते.

फिरत्या पात्याची किंमत विदर्भाने एकदा पाहिली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी (ता. महागाव) इथे एका तरुण कारागिराने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि पंख्याचा घाव डोक्याला बसून त्याचा मृत्यू झाला. कौशल्य त्याच्याकडे होते, जिद्दही होती. पाते तुटलेच तर ते माणसापर्यंत पोहोचू नये, अशी व्यवस्था मात्र यंत्रात नव्हती. गवतकापणीचा रोबो आकाराने लहान असला तरी प्रश्न तोच आहे.

धोका पात्यात साठलेला असतो

घरी रोबो करणारा बहुतेक वेळ त्याच्या ‘मेंदू’वर घालवतो. प्रोग्रॅम, सेन्सर, कॅमेरा यांवर मेहनत होते आणि पाते शेवटी, हाताशी असलेल्या लोखंडी पट्टीतून कापून बसवले जाते. इथे थोडे गणित उपयोगी पडेल. ४० सेंटिमीटर लांबीची, अर्धा किलो वजनाची पोलादी पट्टी मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल, तर तिचे टोक ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यात सुमारे ३३० ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचा दगड दहा-अकरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली येताना जेवढा मार देईल, तेवढी ही ऊर्जा. वीज बंद केली म्हणून ती लगेच नाहीशी होत नाही, पट्टी काही सेकंद फिरतच राहते.

बाजारात मिळणारे अनेक रोबो वेगळ्या पद्धतीने कापतात. गुळगुळीत गोल तबकडीच्या कडेला दाढीच्या ब्लेडसारखी काही ग्रॅमची छोटी पाती सैल स्क्रूवर लावलेली असतात. दगड लागला की पाते मागे वळते. अशा एका पात्याच्या घावात जेमतेम एक-दोन ज्यूल ऊर्जा असते. त्यानेही बोट कापते, पण हाड तुटण्याची शक्यता खूप कमी होते. कमरेएवढे गवत या पात्यांना झेपत नाही. ते आधी विळ्याने किंवा ब्रश कटरने उतरवावे आणि रोबोला रोजची बारीक छाटणी द्यावी. सगळे एकाच यंत्राकडून करून घेण्याच्या हट्टातूनच जाड पट्टी येते.

पट्टीच्या जागी साखळी लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ब्रिटनमध्ये ब्रश कटरला लावलेल्या साखळीचा दुवा सुटून एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने हातात धरायच्या ब्रश कटरसाठी असे साखळीचे जोड विकण्यावर बंदी घातली. सुटलेला दुवा बंदुकीच्या गोळीसारखा जातो. वेल्डिंग करून जोडलेले किंवा तडा गेलेले पातेही त्याच कारणाने वापरू नये.

बंद करण्याचा अधिकार कोणाकडे?

‘रिमोटचे बटण सोडले की थांबतो’ असे सांगून अनेक जण निर्धास्त होतात. हे थांबणे प्रोग्रॅमवर अवलंबून असेल तर ते अपुरे आहे. मोटर चालू-बंद करणारा मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक भाग जळतो, तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेतच चिकटतो. मग बोर्डाने कितीही आज्ञा दिली तरी मोटर फिरतच राहते. काही स्वस्त रिसीव्हर सिग्नल तुटल्यावर शेवटची आज्ञा धरून ठेवतात. ती आज्ञा ‘पुढे चल’ अशी असेल, तर यंत्र कुंपणाबाहेर जाते.

यावरचा उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर वीज जाताच आपोआप पडतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय उठत नाही. पात्याच्या मोटरलाही असाच कॉन्टॅक्टर हवा. त्याच्या कॉइलला वीज मिळत असेल तोवरच पाते फिरेल. सिग्नल तुटला, यंत्र उचलले गेले, कलंडले किंवा लाल बटण दाबले, यांपैकी काहीही झाले तरी कॉइलची वीज तुटली पाहिजे, आणि तीही मुख्य बोर्डाला न विचारता. रात्री वीज आली की पंप चालू व्हावा म्हणून लोक ‘ऑटो’ बसवतात. पात्याला ऑटो कधीही नको. थांबलेले पाते माणसाने जवळ येऊन, पाहून, मगच पुन्हा सुरू करावे.

वीज तुटल्यावर मोटरची दोन टोके योग्य रोधकातून एकमेकांना जोडली गेली, तर चुंबकवाली डीसी मोटर स्वतःच ब्रेक बनते. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागून चालत ढकलायच्या घरगुती यंत्रांना दांड्यावरचा हात सुटल्यावर तीन सेकंदांत पाते थांबवणे बंधनकारक आहे. घरी केलेल्या यंत्रालाही निदान हीच कसोटी लावावी.

समोर कोण आहे, हे यंत्राला कळत नाही

सेन्सर बसवला म्हणजे यंत्राला ‘दिसते’, हा समज फसवा आहे. डेन्मार्कच्या संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजारातल्या १८ रोबोंसमोर मृत साळू (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) ठेवून पाहिले. प्रत्येक रोबोला साळूला धक्का लागल्याशिवाय त्याचा पत्ता लागला नाही. २०० ग्रॅमपेक्षा लहान पिल्ले तर एकालाही ओळखता आली नाहीत. नामांकित यंत्रांची ही गत असेल, तर काही शे रुपयांच्या सेन्सरच्या भरवशावर रांगते मूल, टिटवीची पिल्ले किंवा गवतात बसलेले मांजर सोडता येत नाही.

इथे मळणी यंत्राचा अनुभव मार्ग दाखवतो. मळणीत हात गमावलेल्यांची संख्या वाढल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. मळणी यंत्राच्या भारतीय मानकात पीक आत सारण्याची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, असे ठरले. कामगार थकेल, त्याचे लक्ष उडेल, हे गृहीत धरूनच हे अंतर ठेवले आहे. त्याचा हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा विचार. घरी एकच यंत्र करणाऱ्याकडे तपासणीला कोणी येत नाही. म्हणून हा विचार त्याने स्वतःच पाळायचा. पाते बाहेरच्या कडेपासून इतके आत असावे की लहान मुलाचे पाऊल खालून सरकवले तरी पोहोचणार नाही. आवरण जाळीचे नको, कारण जाळीतून खडे उडतात. ते जाड पत्र्याचे आणि जमिनीलगत हवे. यंत्र चालू असताना आवारात मुले आणि जनावरे नसावीत. अंधारात ते चालवू नये.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको

लिथियम बॅटरीचा गठ्ठा घरी जोडणे टाळावे. संरक्षक सर्किट असलेला तयार पॅक घ्यावा आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला लागूनच ठेवावा. पाना चुकून दोन टोकांवर पडला तरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. मेहकरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, झोपेच्या वेळी, कडब्याजवळ चार्जिंग लावणे म्हणजे आगीला बोलावणे. फुगलेला किंवा पावसात भिजलेला पॅक पुन्हा वापरू नये.

अपघात झालाच तर

खोल जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि ते पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. १०८ वर फोन करावा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. बोट जोडणारी सूक्ष्म शस्त्रक्रिया मोठ्या शहरातच होते. मेहकरहून अकोला शंभरेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर त्याहून लांब. अशा वेळी थंड ठेवलेले बोट गरम राहिलेल्या बोटापेक्षा बरेच जास्त तास तग धरते. मातीत काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस विसरू नये.

विज्ञान प्रदर्शनात असा रोबो मांडला जाईल तेव्हा परीक्षकांनी तो किती सरळ चालतो हे नंतर पाहावे. आधी पात्याच्या जागी पुठ्ठ्याची तबकडी लावून तीन गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात : रिमोटची बॅटरी काढून टाकणे, यंत्र एका बाजूने उचलणे आणि मुख्य बोर्डाची वायर ओढणे. तिन्ही वेळा तबकडी तीन सेकंदांत थांबली आणि आपोआप पुन्हा फिरली नाही, तरच खरे पाते बसवण्याची परवानगी द्यावी. तेही शिक्षक किंवा जाणत्या मेकॅनिकच्या हातून, आणि बॅटरीची वायर काढून ठेवल्यावरच.