कमावलेले शरीर

मराठीत शरीर ‘कमवावे’ लागते. पैसा कमावतात, कीर्ती कमावतात, कातडेही कमावतात. या प्रत्येक कमाईत काळ आणि कष्ट गृहीत आहेत. पोटाला विजेचा पट्टा बांधून बसल्या जागी स्नायू मिळवून देण्याची जाहिरात आम्हांला म्हणूनच वैद्यकीय दाव्याइतकीच भाषिक लबाडीही वाटते. अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली फसव्या दाव्यांबद्दल खटले भरले होते.

तरीही वीज निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजेने बेडकाचा पाय आखडतो, हे गॅल्व्हानीने १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाचा स्नायूही तसाच आकुंचन पावतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. तिथे योग्य मात्रेचा प्रवाह ही झीज कमी करतो आणि ताकद परत आणण्यास हातभार लावतो. निरोगी माणसाची गोष्ट वेगळी. स्वेच्छेने जोर लावताना मज्जासंस्था आधी लहान तंतुगटांना, मग गरजेप्रमाणे मोठ्यांना कामाला लावते आणि त्यांना आळीपाळीने विसावा देते. त्वचेवरून दिलेला प्रवाह मात्र बहुतांशी जवळच्या त्याच त्या तंतूंना पुन्हा पुन्हा हाक मारतो. ते लवकर थकतात. तोल, दम आणि हालचालींचा मेळ त्यातून फारसा घडत नाही. प्रवाह पुरेसा तीव्र केला तर ताकद वाढते खरी. पण मग तो त्रासदायक व्यायामच असतो. अतिरेक झाल्यास स्नायुपेशी फुटून मूत्रपिंडांना इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. नुसत्या गुदगुल्यांनी स्नायू वाढत नाही.

पण कष्टाचे गुणगान करतानाही आम्हांला जपून बोलावेसे वाटते. बलोपासना सांगणाऱ्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आजच्या जालना जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यात शहागडला गोदावरी ओलांडणारा सोलापूर-धुळे महामार्ग आहे. याच मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव अवजारात विरून जाते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई दिवसभर स्नायू वापरते, तरी तिच्या शरीराला कोणी ‘कमावलेले’ म्हणत नाही. ते झिजते. व्यायामाला खुराक आणि विश्रांती लागते, आणि नेमके तेच तिला पुरेसे मिळत नाही.

तेव्हा वाद वीज विरुद्ध घाम असा नाही. पट्टा विकला जातो तो धडधाकट, बसून काम करणाऱ्याला. प्रवाहाची खरी गरज असते ती गुडघा निकामी झालेल्या मजुराला, आणि तीही जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाताखाली. जाहिरातीतला ‘विनाकष्ट’ हा शब्द खोडला, तर हे यंत्र त्याच्या योग्य जागी, रुग्णाच्या खाटेजवळ, जाऊन पोहोचेल, असे आम्हांला वाटते.