हार घालणारे पुष्कळ, आडवे होणारे किती?



१२ डिसेंबर आला की आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावाची पुढाऱ्यांना आठवण होते. १९ फेब्रुवारी आला की त्यांना शेजारच्या जुन्नरचा शिवनेरी आठवतो. एकीकडे हुतात्मा बाबू गेनूचे गाव, दुसरीकडे शिवरायांचे जन्मस्थान. हार येतात, फेटे येतात, भाषणे होतात. त्या दिवशी वीरांची किंमत वाढते आणि दुसऱ्या दिवशी बाजारात शेतमालाची उतरते. हार घालणारा हात आणि भाव पाडणारा हात एकाच अंगाचे आहेत, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो.

म्हणून यंदा जिल्हा बैठकीपुढे आम्ही एक साधा सवाल ठेवतो. वीर कुणाला म्हणायचे?

आमच्या जुन्नर-आंबेगावात कापूस पिकत नाही. पश्चिमेला डोंगरात भात आणि नाचणी, पूर्वेच्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरी आणि ज्वारी, कालव्याखाली ऊस आणि कांदा. मग कापूसवाल्याने आमच्याकडच्या माणसाचे नाव का घ्यावे? घ्यावे, कारण त्या माणसाने जीव दिला तो कापडाच्या गाडीपुढे.

बाबू गेनू सैद १९०८ साली महाळुंगे पडवळला गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मला. बाप लवकर गेला. शेती पोट भरीना. आई मुंबईला कामाला गेली, पुढे पोरगाही गेला आणि गिरणीत लागला. म्हणजे आज आपल्या प्रत्येक गावातून पुण्या-मुंबईला जाणारा जो पोरगा आहे, तोच हा. शेतीने हुसकलेला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तो तुरुंगात जाऊन आला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईच्या काळबादेवीत विलायती कापडाने भरलेली लॉरी पोलीस बंदोबस्तात निघाली. स्वयंसेवक रस्त्यात आडवे झाले. बाबू त्यांच्यात होता. लॉरीचा हिंदी चालक माणसांवर गाडी घालायला तयार झाला नाही, तेव्हा गोऱ्या सार्जंटने चाक स्वतःच्या हातात घेतले, अशी हकीकत सांगतात. सरकारने म्हटले, अपघात झाला. पोराचे वय होते अवघे बावीस.

ही गोष्ट आपण शंभरदा ऐकली. आता ती शेतकऱ्याच्या डोक्याने ऐकू.

पहिली गोष्ट. बाबू मरायला गेला नव्हता, तो गाडी थांबवायला गेला होता. मरण सार्जंटने दिले. भाषणबाज लोक फक्त मरणाचे वर्णन करतात, कारण ते स्वस्त आहे. तो काय थांबवत होता, हे विचारले की त्यांची जीभ जड होते. ते सांगायला लागले तर आजची गाडी कोणती आणि तिच्यात बसलेत कोण, हेही सांगावे लागेल.

दुसरी गोष्ट. तो एकटा नव्हता. शेजारी आणखी माणसे होती. आणि तो चालक? नोकरी जाईल, पाठीवर दांडका बसेल, हे त्याला कळत नव्हते काय? तरी त्याने चाक सोडले, असे सांगतात. त्याचा पुतळा कुठे नाही. आम्हाला विचाराल तर त्या दिवशी काळबादेवीत एकाहून अधिक वीर होते.

तिसरी गोष्ट. त्यात त्याचा स्वतःचा एक पैचा फायदा नव्हता. विलायती कापड बंद झाल्यावर गिरणीमालकाचा माल खपणार होता, गिरणीकामगाराची झोपडी तशीच राहणार होती. तरी तो हटला नाही.

बस्स. वीराची व्याख्या एवढीच. वीर म्हणजे मरणारा नव्हे. वीर म्हणजे बाजूला होता येत असताना न हटणारा.

ही व्याख्या मान्य झाली की दोन खोटे देव आपोआप खाली पडतात.

पहिला खोटा देव म्हणजे घोड्यावरचा तारणहार. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, ही म्हण आपल्याच लोकांनी केली. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पाळण्याकडे बघत बसला आहे. पण शिवनेरीवर जन्मलेला राजा थोर कशाने झाला? केवळ तलवारीने म्हणाल तर तलवारी त्या काळी पोत्याने होत्या. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लष्कराला त्याने लिहिलेले पत्र वाचा. दाणा, गवत, लाकूड, भाजी, जे लागेल ते बाजारातून विकत घ्या, कुणब्यावर जुलूम करू नका, नाहीतर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. शत्रूला आवरणारे पुष्कळ झाले. आपल्याच शिपायाचा हात शेतकऱ्याच्या कणगीतून बाहेर काढणारा राजा विरळा. त्याच्या किल्ल्यावर दरवर्षी सलामी द्यायला येणाऱ्यांनी हे पत्र मंत्रालयाच्या भिंतीवर लावावे, मग हार घालावा.

त्याच शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला मोगल अमलात जमिनी मोजून सारा बसवू लागले, तेव्हा या डोंगरातले महादेव कोळी उठले. उठाव मोडला आणि पकडलेल्या माणसांची मुंडकी उडवली, ती जागा ही, असे सांगतात. एखाद-दुसरे नाव सोडले तर त्यातल्या एकाचेही नाव आज कुणाला ठाऊक नाही. साऱ्याच्या विरोधात उभी राहिलेली ती शेतकरी माणसे होती. किल्ल्यावर जाणाऱ्या किती जणांचे पाय त्या चौथऱ्याशी थांबतात?

सरकारला मेलेला वीर फार आवडतो. तो प्रश्न विचारत नाही. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले. चांगले केले. पण ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडले, ते जुने आंबेगावच त्या पाण्याखाली गेले. आदिवासींच्या जमिनी त्यात बुडाल्या. एका शेतकऱ्याच्या पोराचे नाव द्यायचे आणि त्याच नावाखाली दुसऱ्या शेतकऱ्याचे घर बुडवायचे! मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत म्हशीच्या पेंडीचे मात्र कुणी विचारत नाही.

दुसरा खोटा देव अधिक घातकी आहे. त्याबद्दल बोलताना आमचा गळा दाटतो, तरी बोलले पाहिजे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून कापसाच्या मुलखात किती चुली विझल्या ते तुम्ही जाणता. अलीकडे सभांतून अशा शेतकऱ्याला हुतात्मा म्हणण्याची रीत पडते आहे. आम्ही हात जोडून सांगतो, म्हणू नका. तो भित्रा नव्हता, हे खरे. तो गुन्हेगार तर मुळीच नव्हता. तो बळी आहे. बळीला वीराचा हार घातला की बळी घेणारा सुटतो. सरकारने बाबूच्या वेळी अपघात म्हटले, आज कागदावर पात्र आणि अपात्र म्हणतात. शब्द बदलला, हिशेब तोच. आणि हार पाहून घरातल्या दुसऱ्या पोराला वाटायला नको की बापाने केले ते शौर्याचे. शौर्याचे काम त्याची माय करते आहे. कर्ज डोक्यावर घेऊन, सातबारावर नाव नसताना, दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा पाभर धरली. आमच्या लेखी ती वीर. तुमच्यापैकी कुणाच्या मनात काळोख दाटला असेल तर आधी शेजाऱ्याचे दार वाजवा, कार्यकर्त्याचे दार वाजवा. लढाईला जिवंत माणूस लागतो.

आता आजची गाडी कोणती ते पाहू.

१९८५ साली दिल्लीने नवे वस्त्रधोरण आणले आणि कृत्रिम धाग्याला मोकळे रान दिले. शेतकरी संघटनेने त्या कापडाला राजीवस्त्र म्हटले आणि बहिष्कार पुकारला. विलायती गाडी गेली, देशी गाडी आली, चाक कापूसवाल्याच्याच छातीवर. १० डिसेंबर १९८६ रोजी कापसाच्या आंदोलनात हिंगोलीजवळ सुरेगावला पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी पडले. बाबू गेनूच्या दिवसाच्या दोन दिवस आधी. गोऱ्याने लॉरी घातली, काळ्याने गोळी घातली.

पुढे पाहा. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली. बाहेर गिऱ्हाईक होते, पण दार लावून घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. आपली वेचणी ऐन भरात असताना परदेशी गाठींना दार उघडे. त्या हंगामाचा हमीभाव कागदावर मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये. संकरित ज्वारीला ३६९९. हे भाव ज्याच्या पदरात पूर्ण पडले त्याने बैठकीत हात वर करावा, आम्ही त्याचा सत्कार करू.

आम्ही परदेशी मालाला भीत नाही. बाजार खुला करा, अवश्य करा. पण भाव चढला की निर्यातीचे दार बंद आणि भाव पडला की आयातीचे दार उघडे, याला बाजार म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात. बाबू आडवा झाला तो लुटीला, नुसत्या कापडाला नव्हे.

आता आमच्या स्वतःच्या पापाची कबुली. गेल्या हंगामात आम्ही कापूसपट्ट्यात फिरत होतो. संध्याकाळी बाबू गेनूवर सभा होती, दुपारी एका खरेदी केंद्रावर थांबलो. गाड्यांची लांब रांग. एका म्हाताऱ्याची गाडी काट्याजवळ आली. ग्रेडरने कापसात हात घातला, यंत्र लावले आणि म्हणाला, ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे, गाडी बाजूला घ्या. म्हातारा म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा दुसऱ्या ठिकाणी लावून बघा. साहेबाने मान वळवली. म्हाताऱ्याने मागे पाहिले. मागे सगळे शेतकरी होते, बहुतेकांच्या घरी संघटनेचा बिल्ला असेल. कुणी बोलले नाही. मागच्या गाडीवाल्याने इंजिन चालू केले आणि गाडी पुढे घेतली.

आणि आम्ही? आम्ही टपरीवर चहा पीत होतो. उठलो नाही. संध्याकाळी बाबू गेनूवर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. त्या रात्री झोप आली नाही.

भावांनो, आपल्या पराभवाचे चित्र हेच आहे. गोळी नको, लॉरी नको, सार्जंट नको. एकाची गाडी बाजूला काढली की मागचा गाडी पुढे घेतो, एवढ्यावर सगळी लूट चालते. त्या दिवशी मागच्या दहा गाडीवाल्यांनी इंजिन बंद करून नुसते म्हटले असते, की बाबांचा माल दुसऱ्यांदा तपासा, मगच आमची गाडी काट्यावर येईल, तर कुणाचा जीव जाणार नव्हता. एक दुपार गेली असती. वीर व्हायला आज एवढीच किंमत लागते, तीही आपण देत नाही आणि शेजारच्या घरात शिवाजी जन्मायची वाट बघतो.

शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले. १२ डिसेंबर २०१५ रोजी, नेमके बाबू गेनूच्याच दिवशी, ते गेले. आता त्यांचाही फोटो भिंतीवर लागला आहे. लागू द्या. पण भिंतीवर दोन फोटो झाले म्हणून कर्तव्य निम्मे होत नाही.

तेव्हा येत्या १२ डिसेंबरला हाराचे पैसे वाचवा आणि गावोगाव तीन कामे करा.

एक. चावडीवर बसून क्विंटलभर कापसाचा आणि क्विंटलभर ज्वारीचा खर्च मांडा. बायकोची आणि स्वतःची मजुरी त्यात धरा. तो आकडा फळ्यावर लिहा आणि पुसू देऊ नका.

दोन. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी जा. सांत्वनाला नव्हे, कामाला. तिची नांगरट राहिली असेल तर करा, सातबारावर तिचे नाव लागले नसेल तर तलाठ्याकडे तिच्यासोबत उभे राहा.

तीन. खरेदी केंद्र असो की खेडा खरेदीचा व्यापारी, एका गावाच्या गाड्या एकत्र न्या. एकाची गाडी नाहक बाजूला काढली तर दुसरी पुढे जाणार नाही, अशी ग्रामदेवतेपुढे शपथ घ्या. शिवीगाळ नाही, दगड नाही, काचा फोडणे नाही. फक्त इंजिन बंद.

आम्हीही त्या शपथेत आहोत. पुन्हा चहा पीत बसलेले दिसलो तर आमच्या छातीवरचा बिल्ला काढून घ्या.

भीक नको, हवे घामाचे दाम!
मागची गाडी पुढे जाणार नाही!